बाबांची पद्मिनी: पॉलिश करू की वॅक्स?

चौथागिअर

मंडळी, गाडी १९८१ ची प्रीमियर पद्मिनी, गडद निळी. बाबांची. वीस-बावीस वर्षं बंगल्याबाहेर गुलमोहराखाली उभी असायची, मग आम्ही फ्लॅटमध्ये आलो आणि गेली सहा वर्षं पार्किंगच्या कोपऱ्यात झाकून पडली. यंदा मनावर घेतलं. कार्बोरेटर, ब्रेकचे सिलिंडर, टायर, रेडिएटरचे पाइप, सगळं झालं. परवा सिंहगड पायथ्यापर्यंत नेली, कुरकुर न करता गेली आणि आली.

आता प्रश्न रंगाचा. बॉनेटवरून बोट फिरवलं की बोटाला निळी पूड लागते, शाळेतल्या रंगीत खडूसारखी. पाणी मारलं की पाच मिनिटं गाडी नवीकोरी दिसते, वाळली की पुन्हा राखाडी. टपावर तर पांढुरके ढगच आलेत. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र रंग अजून असा आहे की त्यात तोंड दिसावं.

तीन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला पॉलिश मारून घ्या. दुसरा म्हणाला वॅक्स पॉलिश मारा. तिसऱ्यानं सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर कडक थर चढवायचे, पंचवीस हजार सांगितले आणि वर 'साहेब, जुन्या गाडीला हेच लागतं' असा दम दिला. पॉलिश, वॅक्स, वॅक्स पॉलिश, कंपाउंड हे सगळं एकच की वेगवेगळं? पुन्हा रंगवून घ्यायची नाही, एवढं नक्की.

घाटातला

आमच्याकडे फियाट होती तेव्हा ड्रायव्हरकाका रविवारी रॉकेलचा बोळा फिरवायचे. गाडी अशी चमकायची की बस्स. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल. पंचवीस हजारांत आख्खी फियाट यायची हो!

पेंटरची लेक

रॉकेल नको, डिझेल तर मुळीच नको. चमकतं ते रॉकेलचं तेल, रंग नाही. दोन तासांत त्यावर रस्त्याची सगळी धूळ चिकटते, आणि दुसऱ्या दिवशी तीच धूळ आपण फडक्यानं रंगावर घासतो.

माझ्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं, तीसेक वर्षं. शाळेतून आले की मी तिथेच बसून अभ्यास करायचे, थिनरचा वास अजून नाकात आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

घोळ सगळा 'पॉलिश' या शब्दाचा आहे. बुटाला पॉलिश करतो तेव्हा आपण मेण लावतो, म्हणजे वर थर चढवतो. सुतार टेबलाला पॉलिश करतो तेव्हा चपड्याचा, म्हणजे लाखेचा थर चढवतो. पण तांदूळ पॉलिश करतात तेव्हा वरचा कोंडा काढून टाकतात. आणि पॉलिश पेपर म्हणजे तर चक्क घासायचा कागद. एकाच शब्दानं दोन कामं चढवायची, दोन उतरवायची. गाडीच्या दुकानातला माणूस यातलं कुठलं म्हणतोय हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

गाडीच्या बाबतीत पॉलिश म्हणजे तांदळाचं पॉलिश. त्यात बारीक घासणी असते, ती रंगाचा वरचा मेलेला पापुद्रा काढते. कंपाउंड म्हणजे तेच, पण दाणा जाड. वॅक्स म्हणजे बुटाचं पॉलिश: काही काढत नाही, वर पातळ मेण बसतं, पाणी आणि ऊन थोडं अडतं. वॅक्स पॉलिश म्हणून जे मिळतं त्यात दोन्ही थोडं थोडं असतं. रोजच्या वापरातल्या गाडीला ते चालून जातं, तुमच्या गाडीला मी ते सुचवणार नाही. किती निघतंय आणि किती चढतंय हे त्यात कळत नाही.

त्यामुळे 'पॉलिश की वॅक्स' असा प्रश्नच नाही. मेलेल्या रंगावर वॅक्स लावलं तर मेलेला रंग तुकतुकीत दिसेल, आठवडाभर. आधी पॉलिश, मग वॅक्स. पण पॉलिश किती, हे गाडीवर रंग किती उरलाय त्यावर. आणि त्याच्याही आधी रंग कुठला आहे ते शोधा.

पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळा. फडकं निळं झालं तर वर क्लिअरकोट, म्हणजे पारदर्शक थर, नाही, रंगाचाच थर उघडा आहे. मग कापसाची काडी थिनरमध्ये बुडवून डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, टेकवा. लगेच रंग विरघळून कापसावर आला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे आपण ज्याला ड्युको म्हणतो ते. रंग फुगला, सुरकुतला तर सिंथेटिक. काहीच झालं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा भट्टीत भाजलेला रंग. बाहेरच्या पत्र्यावर हा उद्योग करू नका, डाग कायमचा.

सराफी

पॉलिशचा पाचवा अर्थ आमच्या धंद्यातला. दागिना पॉलिशला दिला की वजनात घट येते, हे प्रत्येक घरात ठाऊक असतं. आजीची पाटली चार वेळा पॉलिश केली की नक्षीचे कंगोरे बसतात. गाडीला आणखी कमी वाव असणार. तेव्हा पेंटरताईंना अनुमोदन, आणि पॉलिशवाल्यानं काय 'घट' धरली ते आधी विचारा :)

चौथागिअर

ताई, फार उपयोगी पडलं. काल बाबांची फाइल काढली. त्यात १९९६ चं बिल सापडलं: 'पूर्ण गाडी ड्युको, पुट्टीसह'. हातानं लिहिलेलं, खाली रबरी शिक्का. म्हणजे कंपनीचा रंग केव्हाच गेला. तो फक्त डिकीतल्या स्टेपनीखाली उरलाय, आणि तो या निळ्यापेक्षा बराच फिका आहे. हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

थिनरची काडी टेकवली. डिकी, चारही दरवाजे, बॉनेटची आतली कड: कापूस लगेच निळा. पण डावं पुढचं मडगार्ड ढिम्म. थिनरनं नुसतं पुसलं गेलं. ते मडगार्ड २००४ च्या आसपास एका रिक्षानं चेपलं होतं, तेव्हा नंतर कुणीतरी पीयू मारलेला दिसतोय.

एक मित्र जुन्या गाड्यांच्या तपासणीचं काम करतो, त्याच्याकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. पत्र्यावर टेकवलं की आकडा येतो, सगळे मायक्रॉनमध्ये. डिकी १९० ते २१०. दरवाजे १६० च्या आगेमागे. टप १२०. बॉनेट मधोमध १३०, पण मधल्या उंचवट्याच्या धारेवर ६५. डावं मडगार्ड ९०० च्या वर, म्हणजे आत पुट्टी खच्चून भरलेली.

६५ म्हणजे किती हे कळावं म्हणून सांगतो: वर्तमानपत्राचा एक कागद साधारण ७० मायक्रॉनचा असतो. त्या धारेवर कागदाएवढ्या जाडीत खालचा प्रायमर आणि वरचा निळा दोन्ही आले.

मार्कटू

त्या धारेला हात लावू नका हो! माझी कहाणी ऐका. १९७१ ची अँबॅसेडर मार्क टू, काळी. गावातल्या एका गॅरेजमध्ये 'बफिंग' करायला दिली. पोऱ्यानं लोकरीचा गोल पॅड लावलेलं मशीन घेतलं, गरगर फिरवलं, मी चहा पिऊन येईपर्यंत दरवाजाच्या धारेवर बोटभर लांबीचा तांबडा पट्टा. मला आधी वाटलं कुंकू सांडलं. ते रेड ऑक्साइड होतं, खालचा प्रायमर. पोरगं म्हणे, 'काका, टचअप करून देतो.' काळ्यावर काळं, पण ते काळं आजही वेगळं दिसतं.

शिवाय उरलेल्या गाडीवर उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं. सावलीत आरसा, उन्हात जाळं. त्या मशीनचा पॅड एकाच जागी गरगरतो, पत्रा तापतो आणि एनसी रंग उष्णतेनं मऊ पडतो. धारेवर तर रंग मुळातच पातळ, कारण ओला असतानाच तो तिथून ओघळतो.

माझा नियम आता साधा आहे: धारा, उंचवटे, मोनोग्रामच्या कडा यांना आधी मास्किंग टेप, आणि काम हातानं. मशीन हवंच असेल तर डोलत फिरणारं, ड्युअल अ‍ॅक्शन म्हणतात ते.

न्यूजर्सीकर

इकडे जुन्या गाड्यांचा नाद असलेले बरेच जण अशा उघड्या रंगाला आधी घासतच नाहीत. मेग्वायर्सचं नंबर सेव्हन म्हणून एक ग्लेझ मिळतं. त्यात तेलाचा अंश भरपूर, घासणी जवळजवळ नाही. टॉवेलसारख्या खरबरीत सुती फडक्यानं ते रंगावर भरपूर चोळायचं, जाड थर ठेवून रात्रभर सोडायचं, सकाळी पुसायचं. वाळकी कातडी तेल पिते तसा वाळलेला रंग ते पितो, रंगाला खोली येते. मग जे थोडं पॉलिश लागेल ते हलक्या हातानं, आणि शेवटी वॅक्स. ग्लेझ स्वतः टिकत नाही, त्यावर मेणाचं झाकण लागतंच.

अवांतर: ड्युको हे मुळात ड्यू पाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तो आला. त्याआधी गाडीचं व्हार्निश वाळायला आठवडे लागायचे, हा काही तासांत वाळू लागला. कंपनीचं नाव आपल्याकडे रंगाच्या जातीचंच नाव होऊन बसलं, डालडासारखं.

पेंटरची लेक

ग्लेझचं म्हणणं पटलं. माझे वडील खोबरेल लावणाऱ्यांना हाकलून द्यायचे, पण तत्त्व तेच आहे, फक्त खोबरेल खवट होतं आणि माती धरतं. टूथपेस्टही नको, कुणी सुचवायच्या आत सांगते. तिच्यात घासणी असते, ती दातांच्या हिशेबानं.

आणि सिलिकॉनकडे लक्ष ठेवा. स्वस्तातली 'झटपट शाइन' बहुतेक सिलिकॉन तेलावर चालते. चमक येते, पण उद्या तिथे टचअप करायची वेळ आली तर नवा रंग त्या जागेवरून पळतो, पत्र्यावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. वडील दुकानात तसल्या डब्याला शिरू देत नसत, कारण एका फडक्यावरून ते दुसऱ्या गाडीलाही लागतं. १९९६ चा रंग आहे म्हणजे कधी ना कधी टचअप लागणार. डब्यावर 'पेंट करता येतो', 'बॉडी शॉप सेफ' असं काही लिहिलंय का ते बघून घ्या.

किनारपट्टी

रत्नागिरीहून. तुम्ही पुणेकर रंगाचं बघा, आम्ही पत्र्याचं बघतो. खाऱ्या वाऱ्यात वॅक्स दर दोन महिन्यांनी लागतं, नाही लावलं तर खिडकीच्या रबराखाली फोड येतात. पण सगळेच फोड बाहेरून येत नाहीत हो, आतूनही येतात. पद्मिनीच्या दरवाजाच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात, ती मातीनं बुजतात. वर मेणाचा आरसा आणि आत कुजका पत्रा, असं होऊ देऊ नका. तार घालून भोकं मोकळी करा. वेळ लागतो एकूण दहा मिनिटं.

आणि प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर आजच फेका. गाडी ओली असताना त्याखाली वाफ धरते, ड्युको पांढरा पडतो, फुगतोही.

चौथागिअर

भोकं उघडली. मागच्या डाव्या दरवाजातून चमचाभर माती, गुलमोहराच्या वाळक्या पानांचा भुगा आणि एक चार आण्याचं नाणं निघालं!

आता प्रयोगाची हकिकत. डिकीवर रंग सगळ्यात जाड, म्हणून सुरुवात तिथून. टेप लावून फूटभर बाय फूटभर चौकोन आखला. आधी गाडी सावलीत धुतली, दोन बादल्यांनी: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, फडकं दर वेळी दुसरीत खळबळून मगच पहिलीत. मग क्ले बार. हा पाणी मारून पत्र्यावर सरकवायचा मातीचा गोळा. पहिल्यांदा सरकवला तेव्हा खर्र खर्र आवाज आला, चार-पाच फेऱ्यांनंतर आवाज बंद. गोळा मात्र काळा-निळा.

मग ग्लेझ. जुन्या बनियनचा तुकडा घेतला (बनियन बाबांचाच). पहिल्या मिनिटात तुकडा असा निळा झाला की बायको म्हणाली, नीळ घालताय का कपड्यांना? घाबरून थांबलो. मग लक्षात आलं, ही तीच पूड आहे जी बोटाला लागायची. रात्रभर ठेवलं. सकाळी पुसलं तर चौकोनाच्या आत रंग गडद, बाहेर राखाडी, मधली टेपची रेघ पट्टीनं आखल्यासारखी. पण जवळून बघितलं तर बारीक ओरखडे तसेच होते.

दुसऱ्या दिवशी त्याच चौकोनावर सगळ्यात बारीक पॉलिश, वाटाण्याएवढे तीन ठिपके, हातानं, दाब बेताचा, दोन वेळा. पुन्हा यंत्र टेकवलं. आधी २०४ होतं, आता २०२. यंत्रच एक-दोन इकडेतिकडे दाखवतं, तेव्हा त्या आकड्यावर मी पैज लावणार नाही, पण घट एवढीच असेल तर सोसेल. ओरखडे साठ-सत्तर टक्के गेले. एक खोल आहे, किल्लीचा असावा, तो तसाच सोडला.

आता वॅक्स कुठलं? कार्नौबा की सिंथेटिक? एका डब्यावर 'शंभर टक्के कार्नौबा' लिहिलंय, किंमत दुप्पट.

मार्कटू

शंभर टक्के कार्नौबाचा डबा असता तर तो उघडून तुम्ही वीट बाहेर काढली असती. हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका माडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण. पानं वाळवून झोडपून काढतात. वितळतं ८२ अंशांच्या पुढे, आपलं मधमाशीचं मेण ६२-६४ लाच पाघळतं. म्हणूनच उन्हाळ्यासाठी त्याचं नाव. पण एवढं कडक मेण नुसतं पसरत नाही, त्यात सॉल्व्हंट आणि मऊ मेणं मिसळावीच लागतात. डब्यावरचे शंभर टक्के म्हणजे आतलं कार्नौबा शुद्ध आहे, डब्यात किती आहे ते नाही. हेच मेण औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या गोळ्यांवरही चकाकीला लावतात, तेव्हा फार भारावून जाऊ नका.

सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं, पाच-सहा महिने. कार्नौबा आपल्या उन्हात दोन-तीन महिने. दिसायचं म्हणाल तर जुन्या गडद रंगावर कार्नौबाच उठून दिसतं, सीलंट थोडं काचेसारखं वाटतं. हे माझं मत, भांडायला मोकळीक आहे. तुमची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघणार, तिला साधा कार्नौबा पेस्टचा डबा पुष्कळ. पातळ लावा. इतका पातळ, की लावलाय की नाही अशी शंका यावी. जाड थरानं संरक्षण वाढत नाही, पुसताना खांदे तेवढे जातात.

नवखा_११००

माझा एक भाबडा प्रश्न: सिरॅमिक का नको?

पेंटरची लेक

कारण काढायचं झालं तर पुन्हा घासावंच लागतं, आणि घासायला रंग हवा. ६५ मायक्रॉनच्या धारेवर ते परवडणारं नाही. वॅक्स नको झालं तर धुऊन, पुसून निघतं. चूक सुधारता येईल असंच काही या गाडीला लावावं. नव्या, क्लिअरकोटवाल्या गाडीला खुशाल लावा.

आणि चौथागिअर, सोसायटीचा गाडी पुसणारा येतो का पहाटे? त्याला हात जोडून या गाडीपासून लांब ठेवा. एक बादली, एक फडकं, चाळीस गाड्या. शेवटच्या गाडीपर्यंत ते फडकं म्हणजे ८० नंबरचा पेपर होतो.

चौथागिअर

त्याला सांगितलं. तो म्हणाला, 'बरं झालं साहेब, मीच घाबरत होतो, फडकं निळं व्हायचं.'

तीन रविवार गेले. डिकी आणि दरवाजे: ग्लेझ, बारीक पॉलिश दोन वेळा, वॅक्स. टप: ग्लेझ दोन रात्री, पॉलिश एकदाच, ढग पुष्कळ गेले, दोन राहिले, राहू देत. बॉनेटच्या उंचवट्यावर नुसतं ग्लेझ आणि वॅक्स, पॉलिश अजिबात नाही. वॅक्स सकाळी आठच्या आत लावलं, पत्रा गार असताना. एका दिवशी उशीर झाला, ऊन आलं, आणि ते असं घट्ट वाळलं की सोडवायला त्यावर पुन्हा वॅक्स फिरवावं लागलं. काळ्या रबरावर पांढरे डाग पडले होते, ते शाळेच्या खोडरबरानं गेले.

बोअरच्या पाण्यानं एकदा धुतली तर वॅक्सवर मोत्यासारखे थेंब उभे राहिले. फोटो काढत बसलो, तेवढ्यात ते वाळले आणि प्रत्येक मोत्याच्या जागी पांढरी टिकली. व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन पुसलं, तिथे पुन्हा वॅक्स लावलं. आता धुतली की लगेच कोरडी करतो.

डावं मडगार्ड आता जास्तच वेगळं दिसतं. आधी सगळीच गाडी राखाडी असल्यामुळे खपून जायचं, आता ते किंचित जांभळट वाटतं. कुणी सुचवेल की तेवढं रंगवून घे.

पेंटरची लेक

ड्युकोच्या शेजारी नवा ड्युको मारला तरी तो तीस वर्षांपूर्वीच्या निळ्याशी जुळवायला हातानं रंग मिसळणारा पेंटर हवा, आणि ९०० मायक्रॉनची पुट्टी आधी खरवडावी लागेल. खाली पत्रा कसा निघेल सांगता येत नाही. माझ्या वडिलांनी तरी हात लावला नसता. ते म्हणायचे, चालू गाडीची पुट्टी उघडू नये.

चौथागिअर

मग नाहीच उघडत. पीयूवरही तेच वॅक्स लावलं, एकच डबा पुरला. अर्ध्याहून जास्त अजून शिल्लक आहे.

ड्रायव्हरच्या खिडकीखाली, जिथे बाबा कोपर टेकवून गाडी चालवायचे, तिथे रंग जाऊन प्रायमर दिसतो, विड्याच्या पानाएवढा. तिथे यंत्रानं २८ दाखवलं. पॉलिश नाही, ग्लेझ नाही. बोटानं वॅक्स लावलं आणि पुसलं.